गाडीमागचा तांबडा दिवा

रात्रीचे जेवण आटोपले की अमरगोळ स्टेशनाच्या बाजूला एक फेरी मारून येण्याची मला जुनी खोड आहे. हुबळी आणि धारवाड या जोडशहरांच्या मधले हे आमचे अमरगोळ. एका अंगाला बाजार समितीचे विस्तीर्ण आवार, दुसऱ्या अंगाला नवनगरची वस्ती, रस्त्यावर 'चिगरी' बसगाड्यांची अखंड धावपळ, आणि गावात चालुक्यकाळचे शंकरलिंगाचे देऊळ. शहराने गावाला पोटात घेतले असले तरी स्टेशन मात्र खेड्यातल्यासारखे राहिले आहे. मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. त्या धडधडत निघून जातात, आणि शेवटच्या डब्यामागचा तांबडा दिवा तेवढा अंधारात लहान लहान होत जातो.

बालपणी मला वाटे की हा दिवा म्हणजे गाडीची नुसती शोभा. पुढे रेल्वेत नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्यांनी खुलासा केला. स्टेशनावरचा माणूस निशाण घेऊन उभा राहतो तो शेवटचा डबा पाहण्यासाठी. दिवसा त्या डब्यामागची खूण दिसावी लागते, रात्री हा दिवा. तो दिसला म्हणजे गाडी सगळी पार पडली, वाटेत एखादा डबा सुटून राहिलेला नाही अशी खात्री होते. नुसते इंजिन दिसले म्हणून गाडी आली असे रेल्वेच्या दप्तरात धरीत नाहीत.

या दिव्याची गाठ मला २०२५ च्या जुलै महिन्यात एका अगदी निराळ्या ठिकाणी पडली. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. सायकल हे त्याचे वेड. जुलै उजाडला की 'टूर द फ्रान्स' नावाची सायकलशर्यत तो रोज संध्याकाळी लावून बसतो. फ्रान्समधली दुपार म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ, त्यामुळे त्या दिवसाचा शेवट पाहता पाहता आमच्या जेवणाची वेळ टळते. माझी आई कोंकणीत त्याला दटावते, "पुरो रे पुता, जेव आतां!" आणि तो "आज्जी, पाचच मिनिटां" म्हणून तासभर बसतो.

प्रथम मी या प्रकाराकडे तुच्छतेनेच पाहत असे. तेवीस दिवस चालणारी ही कसली शर्यत? एकवीस टप्पे, मध्ये विश्रांतीचे दोन दिवस, एकूण अंतर साडेतीन हजार किलोमीटरांच्या आतबाहेर. रोज कोणीतरी एक जण टप्पा जिंकतो. परंतु खरा विजेता तो, ज्याच्या सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज सर्वांत कमी. ज्या दिवशी ज्याची बेरीज कमी, त्याच्या अंगावर पिवळा सदरा. ही सदऱ्याची प्रथा १९१९ पासूनची. इतिहासाचा शिक्षक म्हणून सन तेवढा मी लक्षात ठेवला. बाकी पहिले दोन आठवडे मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. हिरवी शेते, जुनी चर्चे, आणि त्यांच्यामधून वाहत जाणारा रंगीबेरंगी सायकलींचा लोंढा. पाहायला बरे, पण त्यात जीव गुंतावा असे काही मला दिसेना.

तिसऱ्या आठवड्यात मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

त्याचे कारण सांगणे अवघड आहे. पहिल्या आठवड्यात चेहरे उजळ असतात. तिसऱ्यात तीच माणसे ओळखू येत नाहीत. गाल बसलेले, कातडी उन्हाने रापून ताणलेली, कोपरावर पडल्याच्या जखमेची पट्टी. आपण दिवसाकाठी दोन-अडीच हजार कॅलरींवर सुखाने जगतो. डोंगरी टप्प्यात या गड्यांना सहा ते आठ हजार लागतात, आणि तेवढे खाणे हेच एक कष्टाचे काम होऊन बसते. झोपेतही शरीराची झीज पुरती भरून निघत नाही. भाचा म्हणाला, "मामा, आता ताकद कोणाची जास्त हे कोणी बघत नाही. कोण कमी खचला, एवढंच."

शेवटच्या टप्प्यांनी या शर्यतीत भल्याभल्यांचे दैव फिरविले आहे. १९८९ साली फ्रान्सचा लोराँ फिन्यों शेवटच्या दिवशी सकाळी ५० सेकंदांनी पुढे होता. राहिले होते ते व्हर्सायहून पॅरिसपर्यंतचे अवघे साडेचोवीस किलोमीटर. तेवढ्यात अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ५० सेकंद पुसून टाकले आणि वर आठ मिळविले. तीन हजारांहून अधिक किलोमीटरांच्या शर्यतीत आठ सेकंदांचे अंतर! २०२० साली शेवटून दुसऱ्या दिवशी स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचने ५७ सेकंदांची आघाडी घालविली, तीही आपल्याच देशाच्या तादेय पोगाचार नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरापुढे. त्या दिवशी रोग्लिचचे शिरस्त्राण डोक्यावर वाकडे झाले होते, आणि शर्यत हरल्यावर तो पोगाचारला आलिंगन द्यायला गेला. भाच्याने मला ते जुने चित्रण दाखविले. ते वाकडे शिरस्त्राण काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

परंतु मला सर्वांत प्रिय झाला तो अगदी जुना, ओझेन क्रिस्तोफ. १९१३ साली पिरेनीज पर्वतातील तूर्माले घाटात याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. त्या काळी कोणाची मदत घेण्यास सक्त बंदी होती. सायकल खांद्यावर टाकून हा दहा किलोमीटरांहून अधिक चालत खालच्या गावी गेला, लोहाराच्या भट्टीत शिरला आणि आपल्या हाताने चिमटा जोडून पुन्हा निघाला. भट्टीचा भाता एका पोराने हलविला म्हणून पंचांनी त्याला वर दंड ठोठावला! सहा वर्षांनी, महायुद्धानंतर, १९१९ साली, जगातला पहिला पिवळा सदरा याच क्रिस्तोफच्या अंगावर चढला. आता शर्यत हातात आली होती. दोनच टप्पे उरले होते. मेट्झ ते डंकर्क हा त्यातला पहिला, ४६८ किलोमीटरांचा. आणि त्या टप्प्यात सायकलचा चिमटा पुन्हा मोडला. पुन्हा हातांनी दुरुस्ती, आणि दोन तासांहून अधिक वेळ गेला. पिवळा सदरा दुसऱ्याकडे गेला, क्रिस्तोफ तिसरा आला. टूर द फ्रान्स त्याने उभ्या आयुष्यात कधीच जिंकली नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हे पान विद्यार्थी वाचणार आहेत. या खेळाला मोठा कलंकही आहे. लान्स आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन स्वाराने १९९९ पासून ओळीने सात वेळा जिंकलेली ही शर्यत त्याच्याकडून २०१२ साली काढून घेण्यात आली, कारण तो उत्तेजक औषधे घेत होता. सात वर्षांच्या विजेत्यांच्या जागा तेव्हापासून रिकाम्या आहेत. असो.

अठराव्या टप्प्याच्या रात्रीचे सांगतो. ग्लाँदों, मादलेन आणि ला लोझ असे तीन प्रचंड घाट त्या एका दिवसात होते. शेवटच्या घाटाचा माथा २,३०० मीटरांवर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून कल्पना यावी. ऑस्ट्रेलियाचा बेन ओकॉनर पाच तासांहून थोड्या अधिक वेळात पोहोचला. त्याच्यामागून पोगाचार वगैरे मानकरी आले. टाळ्या झाल्या. मी उठू लागलो. भाचा म्हणाला, "मामा, बसा. शर्यत आता सुरू होते."

मग त्याने मला जे समजावून दिले ते मला ठाऊक नव्हते. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्याला लागलेल्या वेळात शेकडा काही टक्के मिळवायचे. टप्पा किती अवघड यावर ते टक्के ठरतात. समजा, विजेत्याला पाच तास लागले आणि सवलत बारा टक्क्यांची असली, तर छत्तीस मिनिटे. त्यापुढे जो येईल त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या यादीत नसते. आधीच्या सतरा दिवसांचे श्रम मातीमोल. सपाटीवर वाऱ्यासारखे धावणारे धिप्पाड गडी घाटात जडशीळ होतात. त्या वर्षीचा हिरवा सदरा मिळविणारा, दोन टप्पे जिंकणारा इटलीचा जोनाथन मिलान हाही त्याच जातीचा. अशा सगळ्या मागे पडणाऱ्यांचा घाटात एक जथा बनतो. त्याला इटालियन शब्द आहे 'ग्रुपेत्तो'. आमच्या कोंकणीत मी त्याला 'वांगड' म्हणेन. सोबतीने चालणारे ते वांगडी. परस्परविरोधी संघांचे हे लोक तेथे वैर विसरतात. कोणी तरी अनुभवी गडी मनात हिशेब करीत असतो: अमुक घाटाला इतकी मिनिटे गेली, उताराला इतकी भरून काढू, अजून आठ मिनिटे हातात आहेत. फार जोराने गेले तर उद्या पाय चालणार नाहीत, हळू गेले तर उद्याच नाही. कोणी ढेपाळला तर दुसरा त्याला आपल्या पाठीच्या आडोशाला घेतो, कारण वारा सर्वांनाच सारखा लागतो. त्यांच्याही मागे एक मोटार येत असते, तिला म्हणतात झाडूची गाडी. ज्याने हार खाल्ली त्याला ती उचलून घेते.

आणि सर्व दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत मोठी, म्हणजे साऱ्या शर्यतीत जो शेवटला, त्याला फ्रेंच लोक म्हणतात 'लांतर्न रूज', अर्थात तांबडा दिवा. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे असतो तो. भाचा हे सहज बोलून गेला. मी मात्र दचकलो.

दुसऱ्या दिवशीची एक मौज मध्येच सांगून टाकतो. एकोणिसाव्या टप्प्याचा एक घाट ऐनवेळी वगळावा लागला, कारण तेथील गुरांमध्ये रोग पसरला होता. कोणता? आपल्याकडे २०२२ साली गावोगावी गुरे आजारी पडली तोच, लंपी! जगप्रसिद्ध शर्यतीला गाईंच्या आजारासाठी वाट बदलावी लागली हे ऐकून आमच्या आईला त्या शर्यतीबद्दल प्रथमच थोडा आदर वाटला.

मी दचकलो याचे कारण असे. त्याच वर्षी जानेवारीत दहावीची सराव परीक्षा झाली. माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वडील बाजार समितीच्या आवारात हमाल, मूळचे बेळगावकडचे, घरी मराठी. मुलगा पहाटे वडिलांच्या हाताखाली पोती रचायचा आणि मग सायकल दामटीत शाळेला यायचा. पहिला तास त्याला कधी मिळाला नाही. गणितात बरा, मराठीत ठीक. त्याचा घाट होता कन्नडचा. बोलण्यात त्याला कोणी हरविले नसते. धारवाडी कन्नड त्याच्या तोंडी वाहत्या पाण्यासारखी. परंतु कागदावर ओत्तक्षरे आली, म्हणजे अक्षराच्या पायाशी लटकणारी ती जोडाक्षरे, की त्याचा हात थिजायचा. सराव परीक्षेत त्याला कन्नडमध्ये शंभरात नऊ गुण मिळाले.

वर्गशिक्षक म्हणून मी गुणपत्रक वाचीत होतो. त्या वर्षी वर्गाचा निकाल शेकडा शंभर लागावा असा माझा ध्यास होता. तो ध्यास शाळेचा होता असे मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे तो माझा होता. सगळ्या वर्गादेखत मी त्याला म्हणालो, "तुझी वेळ निघून गेली रे. आता दोन महिन्यांत काय होणार? यंदा बसू नकोस हेच बरे." मुले हसली नाहीत. हसली असती तर कदाचित मला तेव्हाच कळले असते. तो म्हणाला, "बरं सर," आणि दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. मार्चमध्ये त्याची जागा रिकामी राहिली. उरलेले सारे उत्तीर्ण झाले, माझे अभिनंदन झाले, पेढे वाटले गेले. त्यातला एक मीही खाल्ला.

ला लोझच्या घाटात मागचा जथा वर चढत असताना मला ते गुणपत्रक दिसत होते. तेथे परक्या संघाची माणसे सोबत्यासाठी मिनिटे मोजीत होती, आणि येथे मर्यादा ओलांडायला दोन महिने शिल्लक असताना मी स्वतःच झाडूची गाडी होऊन उभा राहिलो होतो.

मी हे भाच्याजवळ बोललो नाही. पण माझा चेहरा पाहून असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मामा, ही तर संघातली माणसं. मागे मोटारी, डॉक्टर, स्वयंपाकी. आपल्या नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थांचं वाचा." मी वाचले. अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे पाच हजार किलोमीटर, न थांबता चालणारी एक शर्यत आहे. एकट्याने जाणाऱ्याला बारा दिवसांची मुदत. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात ती पुरी केली होती. एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय २०१७ चे: लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ, आणि त्यांच्यामागून काही तासांतच अमित समर्थ. समर्थांना लागले ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटे. मी वजाबाकी केली. हातात उरले होते तीन तासांना अकरा मिनिटे कमी.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, हे गृहस्थ मॉस्कोहून व्लादिव्होस्तोकला निघाले. नऊ हजारांहून अधिक किलोमीटर, पंधरा टप्पे, पंचवीस दिवस. फ्रान्सच्या शर्यतीची जवळजवळ तिप्पट वाट, आणि जथा असा नाहीच, कारण मुळात स्वारच मूठभर. बैकल सरोवर मागे पडल्यावर, जेव्हा अंगात काही उरलेले नसते, तेव्हा चिता ते स्वोबोद्नी हा सर्वांत लांब टप्पा येतो: तेराशे किलोमीटरांहून अधिक, एका दमात. येथून बंगळूरला तीनदा गेले तरी एवढे अंतर पुरे होत नाही. रात्री सायबेरियाच्या अरण्यातील रस्ता, पुढे आपल्याच दिव्याचा उजेड, आणि मागून सावकाश येणारी आपल्याच मदतनीसांची मोटार. झाडू घेऊन आलेली नव्हे, सांभाळायला आलेली. ती शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. माझे लक्ष मात्र त्या मागच्या मोटारीतच गुंतून राहिले. पंचवीस दिवस बैलगाडीच्या वेगाने मोटार हाकणाऱ्या त्या माणसांना झोप कशी आवरली असेल?

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी बाजाराच्या आवारात गेलो. मिरचीच्या खकाण्याने ठसका लागत होता. मुलगा काट्यापाशी पोत्यांवर खुणा करीत होता. मला पाहताच त्याने पेन्सिल कानावर ठेवली. मी बोलू लागलो, पण बोलणे जमेना. वर्गात चाळीस जणांपुढे जी जीभ सहज चालली ती एका माणसापुढे अडखळली. शेवटी म्हणालो, "मी चुकलो. परीक्षा बाहेरून देता येते. आता वर्षातून तीनदा होते. कन्नड मी शिकवीन." तो काही बोलला नाही. त्याचे वडील पाठीवरचे पोते उतरवून पुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, आता कशापायी? पोरगं कामाला लागलंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला उत्तर सुचले नाही. मी परत आलो.

त्यानंतर तीन वेळा गेलो. चौथ्या खेपेला मुलगाच म्हणाला, "सर, मंगळवार आणि शुक्रवार. आठनंतर."

मी स्वतः कन्नड लिहायला शिकलो ते पंचविशी ओलांडल्यावर. घरी कोंकणी, शाळेत मराठी. हुबळीत नोकरी लागली तेव्हा बसवरची पाटीही मला वाचता येत नव्हती. ते दिवस मी कसा विसरलो होतो कोण जाणे! आता आम्ही दोघे पडवीत बसतो. कागुणितापासून पुन्हा सुरुवात केली आहे. कोठे काय लटकते हे त्याला पोत्यांच्या थप्पीवरून समजावून दिले, तेव्हा तो प्रथमच हसला. आई त्याला आधी जेवू घालते. रिकाम्या पोटी अक्षर वळत नाही असे तिचे मत आहे, आणि ते बरोबर असावे. भाच्याने त्याच्या सायकलच्या मागे एक लहानसा तांबडा दिवा बसवून दिला. रस्त्यावर रात्री मालमोटारी फार.

हे लिहीत आहे तेव्हा परीक्षेला थोडे आठवडे उरले आहेत. तो उत्तीर्ण होईल की नाही, मला सांगता येत नाही. गेल्या मंगळवारी त्याने कन्नडचा एक उतारा लिहिला, त्यात एकोणीस चुका होत्या. काल शुक्रवारी तितकाच मोठा दुसरा उतारा दिला. मी तांब्या शाईने त्या मोजल्या, त्याने पुन्हा मोजल्या, आणि एका चुकीवरून आमचा बराच वेळ वाद झाला. कन्नडचा कोश काढून पाहिला तेव्हा त्याचेच खरे निघाले. अकरा.